सागवानी डेक चकाचक केलाय, बोट विकायचीय, गळतीबद्दल गप्प बसलं तर चालेल का?

मांडव्याच्या एका वाचकांचा मेसेज आलाय. वीसेक वर्षं जुनी फायबरची शिडाची बोट, वर सागवानी पट्ट्यांचा डेक, तो झिजलेला. नवीन डेकचा खर्च झेपणारा नाही, म्हणून सुताराकडून डेक घासून घेतला, ऑक्झॅलिक ॲसिडने धुवून लाकूड उजळलं, पट्ट्यांमधल्या उखडलेल्या फटींत काळं सीलंट भरलं, उडालेली लाकडी बुचं नवीन बसवली, वरून टीक ऑईल. आता पुण्याचे एक गृहस्थ टोकन देऊन बसलेत आणि रविवारी बोट बघायला येतायत. त्यांनी व्हॉट्सॲपवर विचारलंय, "डेकला गळती वगैरे नाही ना?" वाचकांनी मेसेज वाचलाय, उत्तर दिलेलं नाहीये. ब्रोकर म्हणतो काही बोलू नका, करारात 'जशी आहे तशी' लिहून टाकू, विषय संपला.

नमस्कार. विषय संपला नाहीये, पण तुम्ही अजून अडकलेलाही नाहीत, रविवारपर्यंत वेळ आहे.

आधी ब्रोकरचं जेवढं बरोबर आहे तेवढं सांगतो. जुनी वस्तू विकणाऱ्या खाजगी माणसावर तिचे सगळे दोष स्वतःहून सांगायची सक्ती सहसा नसते, माल विक्री कायदा १९३० चं कलम १६ साधारण हेच म्हणतं की घेणाऱ्याने बघून घ्यावं. विक्रीयोग्य दर्जाची जी गर्भित, म्हणजे न लिहिताही लागू होणारी, अट असते ती त्या मालाचा धंदा करणाऱ्यावर असते, तुम्ही आपली एक बोट विकताय, त्यामुळे ती तुम्हाला सहसा लागू नाही. करार कायदा १८७२ च्या कलम १७ खाली तर उदाहरणच दिलंय, आजारी घोडा लिलावात विकला आणि मालक काही बोलला नाही तर ती फसवणूक नाही. ब्रोकर लोक इथपर्यंतच सांगतात.

त्याच घोड्याचं पुढचं उदाहरण बघा. घेणारा म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला आहे असं धरीन", आणि विकणारा गप्प बसतो. इथे गप्प बसणं हे बोलल्यासारखंच. तुमच्या पुणेकरांचे शब्द इतके नेमके नाहीत, पण प्रश्न सरळ आहे, दोन निळ्या टिका पडल्यात, आणि उद्या कोर्टात त्यांचा वकील पहिला स्क्रीनशॉट हाच दाखवेल.

आता डेककडे येऊ, कारण केस तिथेच उभी राहते किंवा पडते. घासणं, उजळवणं, तेल लावणं यात बेकायदेशीर काही नाही, घर विकण्याआधी रंग काढतातच की. पण तुम्हीच लिहिलंय की डोलकाठीजवळ पायाखाली मऊ लागतं आणि पावसात केबिनमध्ये एका जागी ठिबकतं, म्हणजे प्रश्न नुसत्या दिसण्याचा राहिला नाही. अशा डेकमध्ये सागवानी पट्टी स्क्रूने फायबरवर बसवलेली असते आणि स्क्रूच्या डोक्यावर लाकडी बूच असतं. पट्टी वर्षानुवर्षं ब्रशने घासून झिजली की बूच पातळ होऊन उडतं, स्क्रू उघडा पडतो आणि त्या भोकातून पाणी फायबरच्या थरांमधल्या लाकडात (बऱ्याचदा हलकं बाल्सा) मुरतं, ते एकदा कुजायला लागलं की वरून कितीही पॉलिश करा, काही उपयोग नसतो. ही गोष्ट माहीत असताना नेमक्या त्याच जागी नवीन बूच ठोकून वर सीलंट फासलं आणि तोंडाने अवाक्षर काढलं नाही, तर ते नुसतं गप्प बसणं राहत नाही, कलम १७ मधलं 'वस्तुस्थिती सक्रियपणे दडवणं' होतं.

फरक मोठा आहे. नुसत्या मौनाच्या बाबतीत कलम १९ मध्ये विकणाऱ्याला एक आडोसा आहे, घेणाऱ्याने सामान्य काळजी घेतली असती तर त्याला खरं कळलं असतं, असा बचाव घेता येतो. मुद्दाम झाकलेल्या गोष्टीला तो आडोसा मिळत नाही. 'जशी आहे तशी' चंही तेच, त्या वाक्याने गर्भित अटी वगळता येतात, फसवणूक पचत नाही. समोरचा सौदा मोडून पैसे परत मागू शकतो, भरपाई मागू शकतो, आणि दाव्याची तीन वर्षांची मुदत फसवणूक कळल्यापासून मोजतात, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात डेक उघडला तरी तुमच्या दारात नोटीस येऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्येही अप्रामाणिकपणे माहिती दडवणं फसवणुकीत धरलंय. पोलीस अशा प्रकरणात बहुतेक वेळा दिवाणी बाब म्हणून हात झटकतात, पण त्या भरवशावर राहायचं का ते तुम्ही ठरवा.

आणि ब्रोकरने जाहिरातीत 'डेक रिडन', म्हणजे डेक नव्याने केलेला, असं टाकलंय असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, मला तर तेच जास्त खटकलं. एजंटने तुमच्या वतीने काम करताना खोटं सांगितलं की करार कायद्याच्या कलम २३८ प्रमाणे ते तुम्हीच सांगितल्यासारखं धरतात. ती ओळ आजच काढायला लावा आणि फोनवर नको, लेखी सांगा.

मग पुणेकरांना उत्तर पाठवा, अगदी साध्या भाषेत: "डेक झिजलेला आहे. गेल्या महिन्यात घासून, फटी भरून, काही बुचं बदलून घेतलीत, हे काम तात्पुरतं आहे. जाहिरातीत डेक रिडन लिहिलं होतं ते बरोबर नाही. डोलकाठीजवळ मऊ लागतं, पावसात केबिनमध्ये एका जागी ठिबकतं, आत पाणी गेलं असण्याची शक्यता आहे. बोट तपासणारा सर्व्हेयर आणा." सोबत काम करण्याआधीचे फोटो, सुताराचं बिल. सर्व्हेयर प्लॅस्टिकच्या हातोडीने डेक ठोकून बघेल, चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द, आणि ओलावा मोजायचं मीटरही लावेल, त्याला अडवू नका. केलेली मलमपट्टी उपटून काढायची काही गरज नाही, ती सांगितली की लपवणं उरत नाही. हीच माहिती करारात 'जशी आहे तशी' च्या आधी घाला, घेणाऱ्याला तपासणीची पूर्ण संधी दिली हेही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. ते चॅट डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा, हे पुरावे लागले तर तुमच्याच बाजूचे आहेत.

किंमत कमी करावी लागेल, त्याला इलाज नाही. आणि हे ऐकून ते मागे फिरले तर टोकन जप्त करायच्या भानगडीत पडू नका. टोकन दिलं तेव्हा त्यांच्यासमोर 'डेक रिडन' वाली जाहिरात होती, त्यामुळे ते पैसे धरून ठेवायला तुमची बाजू लंगडी आहे. बँकेतून परत करा आणि मिळाल्याची पोच मेसेजवर घ्या.