विंडोज अपडेट दरवेळी उलटतो, काय करावं?
अपडेट डाउनलोड होतो, रीस्टार्टनंतर 'अनडूइंग चेंजेस' दिसतं आणि मशीन मूळपदावर येतं, हेच ना? मग नुसतं 'रिट्राय' दाबत बसू नका. बऱ्याचदा आधी उतरलेली फाइलच खराब असते. 'सर्व्हिसेस'मध्ये (विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी) 'विंडोज अपडेट' थांबवा, सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन' शोधा आणि त्यातलं 'डाउनलोड' रिकामं करा. आत अगम्य नावांच्या फोल्डरांची रांग दिसेल. बिनधास्त उडवा, सगळं नव्याने उतरतं. मग सर्व्हिस सुरू करून पुन्हा प्रयत्न करा.

एरर कोड ७००७० ने संपत असेल तर मात्र जागाच कमी पडतेय. मोठ्या व्हर्जन अपडेटसाठी सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळी हवी. शिवाय अपडेट करताना पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क काढून ठेवा. तरीही अडलं तर पूर्ण कोड कळवा, त्यावरून नेमकं सांगता येईल.