डोपामिन डिटॉक्सने मेंदू खरंच ताजातवाना होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दिवसभर रील्स पाहून डोपामिन (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्यांपैकी एक रसायन) संपतं आणि म्हणून अभ्यासात मन लागत नाही, हे खरं का? आणि एक दिवस मोबाइल, गाणी, गेम सगळं बंद ठेवलं, म्हणजेच 'डोपामिन डिटॉक्स' केलं, तर ते भरून येतं का? मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. वर्गात मेंदूचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण रील्स सोडून पुस्तक उघडणं जड जातं, हा तुमचा अनुभव मात्र खरा आहे. त्याचं कारण वेगळं.

डोपामिन टाकीतल्या पाण्यासारखं उपसून संपत नाही. टायरोसिन या अमिनो आम्लापासून ते चेतापेशींत सतत बनत असतं, आणि बाहेर सोडलेलं बरंचसं त्या पेशी लगेच परत आत ओढून घेतात. ते खरोखर संपलं तर काय होतं, हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये दाखवलं. मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करणारं रिसर्पिन हे औषध दिलेले ससे कान पाडून निपचित पडले होते. ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं त्या एल-डोपाचं इंजेक्शन त्यांना दिलं, तर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. पुढे 2000 सालचं नोबेल कार्लसन यांना विभागून मिळालं. थोडक्यात, ज्याचं डोपामिन खरंच संपलंय तो रात्री दोन वाजता अंगठ्याने स्क्रीन सरकवत बसूच शकणार नाही.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, हा समज मात्र शास्त्रज्ञांमुळेच पसरला. 1954 मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवले आणि दट्ट्या दाबला की तिथे विजेचा सौम्य झटका मिळेल अशी सोय केली. उंदीर तो दट्ट्या दाबतच राहिले. लगेच 'आनंदकेंद्र' सापडल्याची हवा झाली. पण दट्ट्या दाबत राहणं म्हणजे मजा येणं, हे गृहीत कशावरून धरायचं?

मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. उंदराच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं की तो जीभ बाहेर काढून लयीत ओठ चाटतो. कडू सोडलं तर तोंड वासतो, डोकं झटकतो. तान्ह्या बाळांचे चेहरेही असेच बोलतात. बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांचे डोपामिनचे चेतातंतू जवळजवळ पूर्ण नष्ट केले. ते उंदीर समोर अन्न असूनही खाईनात, त्यांना नळीने भरवावं लागलं. साखरेचं पाणी तोंडात सोडलं तेव्हा मात्र ते नेहमीसारखेच ओठ चाटू लागले! गोडी शाबूत होती. गेली होती ती उठून मिळवायची ओढ.

याची उलटी बाजू रुग्णांत दिसते. पार्किन्सनच्या आजारात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून प्रामिपेक्झोलसारखी डोपामिनची नक्कल करणारी औषधं देतात. त्यातल्या काही जणांना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो. उभ्या आयुष्यात पत्त्याला हात न लावलेल्यांनाही. डोस कमी केला किंवा औषध बदललं की बहुतेकांचा हा नाद ओसरतो. (हे वाचून कुणी परस्पर औषध थांबवू नका, ते धोक्याचं आहे.)

आता तुमच्या मोबाइलकडे येते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्स यांनी माकडांच्या मेंदूतल्या एकेका डोपामिन पेशीची नोंद घेतली. सुरुवातीला फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी फडफडायची. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकडाच्या लक्षात आल्यावर ती दिव्यालाच फडफडू लागली, रस आला तरी ढिम्म. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणी पेशी क्षणभर गप्प व्हायची. म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक ती मोजत होती. 2003 मध्ये त्याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली: रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल तेव्हा वाट पाहण्याच्या काळात या पेशींची हालचाल सर्वांत जास्त चढते.

रील्सची रचना हुबेहूब अशीच आहे. पुढची भन्नाट असेल की टुकार, काहीच सांगता येत नाही. म्हणूनच कंटाळा आलेला असतानाही अंगठा थांबत नाही. पुस्तकाच्या पुढच्या पानावर असा जुगार नसतो, आणि त्याचं फळ मिळायला महिने लागतात.

तेव्हा एका दिवसाच्या उपासाने काही 'भरत' नाही, कारण काही रिकामं झालेलंच नव्हतं. 2019 च्या सुमारास डोपामिन उपवासाची कल्पना लोकप्रिय करणारे मानसशास्त्रज्ञ कॅमेरन सेपा यांनीही ते नाव शब्दशः घेऊ नका असं सांगितलं होतं, पण ते ऐकतो कोण. गाणी बंद, गप्पा बंद, भिंतीकडे बघत बसणं हा प्रकार तर मला निव्वळ छळ वाटतो. माकडाचा दिवा लक्षात घेतला तर उपाय सोपा आहे: खूण काढून टाका. नोटिफिकेशन बंद करा, अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, अ‍ॅप पहिल्या स्क्रीनवरून हलवा. हे एक दिवस करून भागणार नाही, रोज करावं लागेल. पहिले काही दिवस चुळबुळ होईल, हात खिशाकडे जाईल. खुणेमागून रस येईनासा झाला की ती ओढ हळूहळू सैल पडते.

एक मात्र तपासा. अभ्यासच नव्हे, तर पूर्वी आवडणाऱ्या कशातच दोन आठवड्यांहून जास्त काळ मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हा प्रश्न रील्सचा नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.