जी इमारत बांधायचीच नव्हती, तिचा नकाशा

प्रश्न : नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेवर ड्रॉइंग शिकवतो. मोबाईलवर जनरल आयडिया नावाच्या कॅनडाच्या ग्रुपचं एक रेखाटन दिसलं, इमारतीचं कच्चं डिझाइन, खाली लिहिलेलं की हे '1984 मिस जनरल आयडिया पॅव्हिलियन'च्या तयारीचं आहे. म्हटलं इमारत कशी झाली ते पाहू, लय शोधलं, तर इमारतच नाही! शेजारचे मिस्त्रीकाका म्हणतात, "गुरुजी, घर बांधाचंच नसन तर फक्की कायले टाकाची?" (फक्की म्हणजे पाया आखायला टाकतात ती चुन्याची भुकटी.) मले काही बोलता आलं नाही. बरं ते काढलं कोणी तेही कळत नाही, नुसतं ग्रुपचं नाव. असं काही पोरायले दाखवावं का?

उत्तर : गुरुजी, काकांनी बरोबर दुखरी जागा पकडली. पाया खोदला की फक्की मातीत जाते, तिचं काम तेवढंच. पण या लोकांना खोदायचंच नव्हतं.

ए. ए. ब्रॉन्सन, फेलिक्स पार्ट्झ आणि होर्हे झोंटाल या तिघांनी 1969 मध्ये टोरोंटोत हा ग्रुप काढला. ब्रॉन्सन आणि झोंटाल दोघंही आर्किटेक्चरच्या वर्गातून आलेले, म्हणजे नकाशा काढता येत नव्हता म्हणून इमारत राहिली असं काही नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी एका खोट्या ब्युटी कॉन्टेस्टसाठी 1984 साली उभं राहणार असं पॅव्हिलियन, म्हणजे कार्यक्रमाचा मंडप-इमारत, जाहीर केलं आणि मग वर्षानुवर्षं त्याचीच तयारी, ड्रॉइंग, मॉडेल, आरशाच्या पट्ट्यांचे पडदे, स्पर्धेचे कार्यक्रम, सगळं त्याच्या नावावर. आणि 1977 मध्ये काय केलं तर जे बांधलंच नव्हतं ते जळून गेल्याचं नाटक केलं, मग त्याचे 'अवशेष' प्रदर्शनात मांडायला लागले! मला विचाराल तर ही चेष्टा सुद्धा आहे आणि ती फार हुशारीनं केलेली आहे. उद्घाटन, बक्षीस, प्रसिद्धी यावर कलेचा बाजार कसा चालतो तेच ते दाखवत होते, त्याला विटा कशाला लागतात.

याच्या उलट क्रिस्टो आणि जाँ-क्लोद, मोठमोठ्या इमारती कापडात गुंडाळणारं कलाकार जोडपं. ते स्वतःला कन्सेप्च्युअल, म्हणजे नुसती कल्पना हीच कला मानणारे, म्हणवूनच घेत नसत, कारण त्यांना काम खरंच उभं करायचं असायचं. बर्लिनचं राइशस्टाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत, कापडात गुंडाळायचं डोक्यात आलं 1971 मध्ये आणि झालं 1995 मध्ये, मधल्या काळात तयारीची ड्रॉइंग विकून पैसा उभा केला, स्पॉन्सर घेतला नाही. तिथं फक्कीच पायाचा खर्च काढते, हे काकांना नक्की सांगा.

आता जनरल आयडियाच्या सहीचं म्हणाल तर ते मुद्दाम होतं. एकट्या थोर कलाकाराचं जे कौतुक चालतं ते त्यांना मोडायचं होतं म्हणून रेघ कोणाचीही असो, नाव ग्रुपचंच. 1994 मध्ये पार्ट्झ आणि झोंटाल दोघंही एड्सनं गेले आणि ग्रुप तिथंच थांबला.

पोरांना दाखवा की बिनधास्त. तिघातिघांना एक कागद द्या, गावात कधीच न होणारी एखादी इमारत काढायला सांगा, कोणाचंही नाव टाकू देऊ नका. फक्त इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या पेपरात असलं काही करू नका म्हणावं, तिथं ग्रेड स्थिरचित्राला आणि शेडिंगला मिळते.