होल्डन एसएस यूटमधून बागेची माती, विटा, फ्रिज असा माल नेता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नला घर घेतलंय, मागच्या अंगणात बाग आणि मातीला आधार देणारी छोटी भिंत करायची आहे, आणि एक जुनी होल्डन व्हीई एसएस यूट (यूट म्हणजे पुढे मोटार, मागे उघडा हौदा अशी गाडी; व्हीई ही तिची पिढी, एसएस ही स्पोर्टी आवृत्ती) मनात भरली आहे. सहा लिटरचा व्ही८ आहे म्हणजे ओझं सहज नेईल ना, की हायलक्ससारखा उंच पिकअप घ्यावा?

नेईल, पण मर्यादेत. इंजिनाची काळजी सोडून द्या. काळजी करायची ती मागच्या स्प्रिंगांची, टायरांची आणि वजन हौद्यात नेमकं कुठे ठेवता याची.

आधी हिशोब. गाडीच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत जीव्हीएम दिलेला असतो, म्हणजे माणसं, इंधन, माल सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन. त्यातून टेअर, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, वजा करा. ऑस्ट्रेलियात टेअर वजनात टाकीत फक्त दहा लिटर इंधन धरतात, हे बरेच जण विसरतात. आकडे सोपे घेऊन उदाहरण देतो, तुमच्या गाडीचे मात्र पाटीवरूनच घ्या. समजा जीव्हीएम २३०० किलो आणि टेअर १७०० किलो. हातात आले ६००. दोन माणसं १६०, उरलेली टाकी भरली की साधारण ४५, फायबरग्लासचं कडक झाकण असेल तर ४०, टोबार, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा दांडा, २५. राहिले ३३० किलो. जाहिरातीतला आकडा काहीही असो, हौद्यात टाकायला तुमच्याकडे एवढंच आहे. याच यूटच्या साध्या ओमेगा आवृत्तीची वजनक्षमता एसएसपेक्षा जास्त असते, कारण एसएसमध्ये इंजिन जड, सस्पेन्शन बसकं आणि चाकं मोठी आहेत.

आता माल या ३३० मध्ये बसवून बघू. तिथली वीट २३० × ११० × ७६ मिलिमीटरची, वजन सुमारे ३ किलो. म्हणजे ११० विटा. सिमेंट किंवा तयार काँक्रीटची पिशवी २० किलोची, म्हणजे १६ पिशव्या. भिंतीसाठी काँक्रीटचे स्लीपर, म्हणजे एकावर एक आडवे रचायचे लांब तुकडे, घेणार असाल तर २ मीटर × २०० × ७५ मिलिमीटरचा एक नग ७० किलोच्या पुढे जातो. चार घेतले की थांबायचं. पाइनच्या लाकडाचा तेवढ्याच रुंदी-जाडीचा २.४ मीटरचा स्लीपर साधारण २५ किलो भरतो, ते डझनभर येतील.

सगळ्यात जास्त फसवणूक सुट्या मालात होते. बागेच्या मालाच्या यार्डात लोडरवाला घनमीटरच्या हिशोबाने टाकतो, किलोच्या नाही. अर्धा घनमीटर कोरडा मल्च, म्हणजे मातीवर पसरायचा सालींचा वगैरे भुगा, २०० ते २५० किलो, तो बिनधास्त घ्या. अर्धा घनमीटर बागेची माती ५०० ते ७०० किलो. अर्धा घनमीटर ओली वाळू ९०० किलोच्या घरात. आणि तेवढी वाळू हौद्यात टाकली की हौदा निम्मासुद्धा भरल्यासारखा दिसत नाही! म्हणून वाळू, खडी, माती घेताना लोडरवाल्याला आधीच किलो सांगा आणि बकेट अर्धवट भरून घ्या. पावसाच्या दुसऱ्या दिवशी मातीचा वरचा आकडा धरा. शंका असेल तर सार्वजनिक वजनकाट्यावर गाडी घाला. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा मोजून घेतलात तर उत्तमच.

वेगवेगळा का, ते सांगतो. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही: मागे जास्त झालं की गाडी उलाळ, पुढे जास्त झालं की धुरजड. यूटचंही तेच आहे. व्हीई यूटच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे. मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे, म्हणजे जवळजवळ फाळक्यापाशी, २०० किलो ठेवलेत तर पुढच्या चाकांवरून ६७ किलो उचलले जातात आणि मागच्यांवर २६७ पडतात. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक कमी धरतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. तोच माल केबिनला टेकवून ठेवलात की तो दोन्ही अ‍ॅक्सलवर वाटला जातो. हौद्यात चाकांचे जे उंचवटे दिसतात त्यांच्या मध्यावर अ‍ॅक्सलची रेघ आहे असं समजा. जड माल त्या रेघेच्या पुढे, खाली आणि सपाट. हलका आणि लांब माल मागे. किंचित धुरजड चालेल, उलाळ नको.

एसएसला हे जास्त जाचतं. व्हीई यूटला मागे कॉइल स्प्रिंग आणि दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे, सेडानसारखंच. रिकामी गाडी वळणावर सुरेख चालते ती त्यामुळे. पण मागची बाजू दबली की चाकं वरून आत झुकतात आणि टायरची आतली कड घासते. अजून दाबलं की सस्पेन्शन रबरी बंप स्टॉपवर टेकतं. त्यानंतर स्प्रिंग जवळजवळ उरतच नाही, खड्ड्याचा धक्का थेट बॉडीला बसतो, आणि ओल्या वळणावर मागचा भाग अचानक सुटतो. समकालीन फोर्ड फाल्कन यूटला मागे शेवटपर्यंत सलग अ‍ॅक्सल आणि पाट्यांचे स्प्रिंग होते. चालवायला ती ओबडधोबड, पण वजनाखाली चाकं उभीच राहतात. तिच्या साध्या आवृत्त्यांत एक टनाचा पर्यायही मिळत असे. एक्सआर या तिच्या स्पोर्टी आवृत्तीची क्षमता त्याहून कमी. १९३४ साली जिलाँगच्या फोर्ड कारखान्यात लुईस बँटने पुढे मोटार, मागे हौदा अशी पहिली यूट आखली ती शेतकऱ्यासाठी. एसएसमध्ये त्या दोन्हींपैकी मोटारीचं पारडं जड आहे, हे मान्य करूनच ती घ्यावी.

कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या मिळतात. गाडी सपाट राहावी म्हणून त्या चांगल्या आहेत, मी सुचवेनही. पण त्यांनी जीव्हीएम एक किलोनेही वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर तेच राहतात. माल उतरवल्यावर हवा सांगितलेल्या किमान दाबापर्यंत कमी करा, नाहीतर रिकामी गाडी मागून उड्या मारते.

टायरचं लवकर आटोपतो. एसएसला २४५/४५ आर१८, एसएस व्ही ला २४५/४० आर१९. बदलताना लोड इंडेक्स बघा: ९४ म्हणजे ६७० किलो, ९६ म्हणजे ७१०, ९८ म्हणजे ७५०, एका टायरमागे. पाटीवर लिहिलंय त्याच्या खालचा घेऊ नका. हवा भरल्या गाडीसाठी दिलेल्या दाबाएवढी, टायर थंड असताना.

बांधणी. तिथल्या नियमाप्रमाणे बांधणीने मालाच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढच्या दिशेने आणि ५० टक्के बाजूंना व मागे सोसला पाहिजे. १०० किलोचा फ्रिज ब्रेक मारल्यावर ८० किलोने केबिनच्या काचेकडे येतो. म्हणून मालाला पुढे टेकायला काहीतरी हवंच. रॅचेट पट्टे हौद्यातल्या कड्यांनाच अडकवा. हौद्याच्या काठाच्या पातळ पत्र्याला हुक लावला तर पत्रा वाकतो आणि पट्टा ढिला पडतो. जड मालाखाली रबरी चटई घाला, तिने घसरणं बरंच कमी होतं. फ्रिज उभा न्या, पाठ केबिनकडे, एक पट्टा खालच्या तिसऱ्या भागात, एक वरच्या. आडवा न्यावाच लागला तर घरी उभा करून काही तास तसाच ठेवा, कॉम्प्रेसरचं तेल परत खाली येऊ द्या. मल्च आणि पालापाचोळ्यावर जाळी किंवा ताडपत्री हवीच, रस्त्यावर काही उडालं तर दंड तुम्हालाच. पाच मिनिटं चालवून थांबा आणि पट्टे पुन्हा आवळा. पहिल्या दोन-चार खड्ड्यांत माल बसतो आणि पट्टे सैल होतात.

२.४ मीटरचे स्लीपर किंवा जिप्समचे तक्ते फाळका उघडूनच न्यावे लागतील. नंबरप्लेट किंवा मागचे दिवे झाकले जात असतील तर चालत नाही. माल मागे १.२ मीटरहून जास्त बाहेर आला तर दिवसा लाल झेंडा, रात्री लाल दिवा लावा. आडव्या फाळक्याच्या टोकावर वजनदार वस्तूचा एकवटलेला भार देऊ नका, त्याच्या तारा आणि बिजागऱ्या त्यासाठी नाहीत. तिथलं प्रमाणित पॅलेट ११६५ मिलिमीटरचं चौरस असतं. ते चाकांच्या उंचवट्यांमधून जाईल असं गृहीत धरू नका, टेप घेऊन जा.

हायलक्सपेक्षा एसएस एका बाबतीत सरस आहे: हौद्याची उंची. ७० किलोचा नग दोघांनी कमरेच्या खालीच उचलून ठेवता येतो, मोटरसायकलची रॅम्प जवळजवळ सपाट बसते. बागकामाला हे फार मोलाचं आहे.

वाळू-खडीसाठी मी ट्रेलरच सुचवेन. ६ बाय ४ फुटांचा साधा ट्रेलर भाड्याने सहज मिळतो. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा. ट्रेलरचंच वजन २०० ते २५० धरलं तर सुमारे ५०० किलो माल. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो त्या टोबारच्या गोळ्यावर, यावा, आणि तो गाडीच्या त्या ३३० मधूनच वजा करा. गिअर हाताचा असेल तर चढावर ट्रेलर मागे ढकलताना क्लच अर्धवट दाबून धरू नका, मिनिटभरात जळका वास येतो.

गाडी बघायला जाल तेव्हा मागच्या टायरची आतली कड हाताने चाचपा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून ताडून बघा, बंप स्टॉप फुटलाय का ते टॉर्चने पाहा, चटई उचलून हौद्याचा तळ बघा. तळाला खोल पोचे आणि बंप स्टॉप चुरलेला असं दोन्ही दिसलं तर ती यूट सोडा, दुसरी बघा.