माझ्या एयूआर (आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांचा पॅकेजसंग्रह) पॅकेजचा टारबॉल, म्हणजे सोर्स कोडची एकत्र बांधलेली फाइल, डाउनलोड होताना लोकांकडे मधेच तुटतो, मग ३३ नंबरची एरर येते. चेकसमच्या (फाइल बदललेली नाही ना, हे तपासायचा आकडा) जागी ‘स्किप’ लिहून ही तपासणी टाळू का?

स्किप लिहू नका. ३३ चा चेकसमशी काही संबंध नाही, आणि तो काढलात तर तुटकी किंवा कुणी बदललेली फाइल बिनबोभाट बिल्ड होईल.

पॅकेज बनवणारं मेकपीकेजी हे डाउनलोड करणाऱ्या कर्ल या प्रोग्रामला कॅपिटल सी पर्याय देऊन बोलावतं, म्हणजे तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे सुरू करायचं. त्यासाठी अर्धवट फाइल नावाच्या शेवटी ‘.पार्ट’ लावून ठेवलेली असते. पण टॅगवरून (कोडच्या आवृत्तीला दिलेली खूण) मिळणारा गिटहबचा टारबॉल मागणी आल्यावर तयार होतो आणि तो मधूनच पुढे देता येत नाही. म्हणून कर्ल ३३ देऊन थांबतं, ‘.पार्ट’ तशीच राहते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. लोकांना एवढंच सांगा: पीकेजीबिल्डच्या (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) फोल्डरमधली (सोर्सची जागा वेगळी ठरवली असेल तर तिथली) ‘.पार्ट’ फाइल उडवा आणि पुन्हा चालवा.

मुळात तुटतं का, ते पहिल्या खेपेच्या एररवरून कळतं. ९२ असेल तर एचटीटीपी/२ चा प्रवाह मधेच बंद पडलाय. मेकपीकेजीच्या सेटिंगमध्ये ३ रिट्राय असतात खरे, पण कर्ल ते टाइमआउट किंवा सर्व्हरकडून येणाऱ्या ४२९, ५०३ अशा तात्पुरत्या चुकांवरच वापरतं. ९२ त्यात बसत नाही. मेकपीकेजीच्या सेटिंगमध्ये कर्लला बोलावणारी डाउनलोड एजंटची ओळ असते, तिच्यात एचटीटीपी १.१ सक्तीचं करा. ही ओळ पीकेजीबिल्डमध्येही घालता येते, पण मग वापरणाऱ्याने स्वतः लावलेला प्रॉक्सी किंवा दुसरा डाउनलोडर बाजूला पडतो. त्यामुळे सगळ्यांनाच त्रास होत असेल तरच घाला.

प्रकल्पाने रिलीजमध्ये स्वतः टारबॉल चढवला असेल तर सोर्स म्हणून तोच घ्या, हा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. आपोआप बनणाऱ्या टारबॉलचे चेकसम ३० जानेवारी २०२३ ला गिटहबच्या एका बदलामुळे अचानक बदलले होते. आतला कोड तोच, कॉम्प्रेशन तेवढं वेगळं. बदल लगेच मागे घेतला गेला, पण तोवर अनेकांची बिल्डं पडली होती.

चेकसम जुळत नाही अशी तक्रार आली तर आधी त्या टारबॉलवर ‘फाइल’ कमांड चालवा. उत्तर ‘एचटीएमएल’ आलं, तर सर्व्हरने २०० (सगळं ठीक) म्हणत टारबॉलऐवजी लॉगिनसारखं एखादं वेबपान पाठवलंय. दुसरं कारण म्हणजे, फाइलच्या नावात आवृत्ती नसेल तर जुनीच फाइल पुन्हा वापरली जाते. सोर्सच्या ओळीत यूआरएलच्या आधी आवृत्तीसह नवं नाव आणि दोन कोलन लावा.

फक्त डाउनलोडची दुरुस्ती केली असेल तर पीकेजीरेल (त्याच आवृत्तीच्या पॅकेजचा क्रमांक) वाढवू नका, तयार पॅकेज तेच राहतं. एसआरसीइन्फो (पीकेजीबिल्डमधल्या माहितीची एयूआरसाठीची फाइल) मात्र नव्याने बनवा. आणि एयूआरवर पुश करण्याआधी (बदल चढवण्याआधी) तुमच्याकडचा साठवलेला टारबॉल काढून बिल्ड करा. तो जागेवर असेपर्यंत मेकपीकेजी नेटवर जातच नाही, म्हणून हा बिघाड तुम्हाला दिसत नाही.