मुलगी शाळेच्या फाटकात रडते आणि ऑफिसात माझाच जीव टांगणीला लागतो. ही सेपरेशन अँग्झायटी आहे का? मोठ्यांनाही होते का?

तुम्ही लिहिलंय, साडेतीन वर्षांची लेक फाटकात गळ्याला मिठी मारते, मग आजी तिला खेळात गुंतवते आणि तुम्ही डोळा चुकवून निघता. दोन्ही प्रश्नांचं उत्तर देते, पण आधी ते डोळा चुकवणं बंद करा.

मी बावीस वर्षं बालवाडी चालवली. जूनचा दुसरा पंधरवडा म्हणजे ओल्या छत्र्या, ओले रेनकोट आणि एकाचं ऐकून दुसऱ्याने लावलेला सूर. आईला टाटा करून रडत आत आलेलं मूल बहुतेक वेळा थोड्याच वेळात ठोकळ्यांकडे वळायचं. जिची आई गुपचूप सटकली, ती मात्र दाराकडे तोंड करून बसायची. घरीही मग आई बाथरूमला गेली तरी दाराबाहेर ठिय्या! बरोबरच आहे तिचं. आई न सांगता नाहीशी होते म्हटल्यावर नजर हटवायची कशी?

लेकीचं रडणं ही सेपरेशन अँग्झायटीच, म्हणजे जवळच्या माणसापासून दूर होण्याची भीती. ती साधारण आठव्या-नवव्या महिन्यात सुरू होते, आणि ती वाढीचीच खूण आहे. नजरेआड झालेली वस्तूही कुठेतरी असते, हे बाळाला तेव्हा उमगू लागतं. आई आहे हे कळतं, ती परत कधी येणार हे कळत नाही. दीड वर्षापर्यंत जोर असतो, तिसऱ्या वर्षाकडे ओसरते. पण नवी शाळा, नवं भावंड, आजारपण आलं की पुन्हा उसळते.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांना आईपासून काही मिनिटं दूर ठेवून निरीक्षणं केली. आई जाताना कोण किती रडलं, यापेक्षा ती परतल्यावर बाळ काय करतं हे त्यांना जास्त बोलकं वाटलं. तुमची लेक न्यायला गेल्यावर येऊन बिलगते आणि थोड्या वेळाने डब्यात काय उरलं ते सांगू लागते ना? मग मला फारशी काळजी वाटत नाही.

चार आठवड्यांहून जास्त काळ रोज पोटदुखी, उलट्या, आई हरवल्याची स्वप्नं, शाळेला ठाम नकार असं चाललं, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

आता तुमचं. हो, मोठ्यांनाही होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत २०१३पर्यंत हा विकार अठराच्या आत सुरू झालेला असला तरच धरत. मग ती अट काढली. मोठ्यांमध्ये साधारण सहा महिने किंवा अधिक काळ टिकून कामधंदा, झोप बिघडवत असेल तर त्याला विकार म्हणतात. तुमचे तर तीनच आठवडे झालेत.

मी स्वतः यातून गेले आहे. लोकांच्या आयांना शहाणपण शिकवणारी मी, माझी लेक पुण्याला हॉस्टेलवर गेली तेव्हा दिवसातून दहादा फोन करायची. तिने उचलला नाही की एसटीच्या अपघातापासून सगळं डोळ्यांपुढे यायचं. तिचं 'बरी आहे गं' ऐकलं की अर्धा तास बरा जायचा, मग पुन्हा तेच. खाज खाजवली की वाढते, तसं. समुपदेशक बाईंनी रात्री नऊचा एकच फोन ठरवून दिला. मध्ये हात शिवशिवला तर आधी पंधरा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास. पहिला आठवडा वाईट गेला, खोटं कशाला सांगू. पण न फोन करताही ती सुखरूप असते, हे जिवाला हळूहळू पटलं. तुम्हाला कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे.

सोमवारपासून निरोप ठरलेला आणि छोटा ठेवा: एक पापी, एक टाटा, आणि वळून निघायचं. 'एक वाजता येते' हे तिला कळत नाही. 'डबा खाल्ला, गोष्ट झाली की मी फाटकात' हे कळतं. मग त्या वेळी तिथे असाच. तुमचा रुमाल तिच्या खिशात राहू द्या, बाई कुरकुरल्या तरी. आणि निघाल्यावर वीस मिनिटांनी बाईंना विचारा, थांबली का रडायची. पण एकदाच.