काजवे काय खातात? बरणीत ठेवले तर त्यांना काय द्यावं?

बरणीत ठेवूच नका. उडणारा काजवा बहुतेक जातींत खातच नाही. फार तर दव, फुलांतला थोडा मध. जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो, तेही जोडीदार शोधण्यात जातात. खाऊन घेतलेलं असतं ते अळीपणी.

आमची भातशेती अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अंगाला. मी बारावीत होते. भाद्रपदात, भात पोटरीत असताना, थोरल्या चुलत्यांबरोबर रानडुकरांपासून राखण करायला गेले होते. बांधावरच्या गवतात हिरवट उजेड दिसला, एका जागी, मंद. बॅटरी मारली तर चपटी काळपट अळी, पाठीवर खवल्यांसारख्या पट्ट्या, आणि डोकं गोगलगाईच्या शंखात खुपसलेलं.

"भात खाणारी कीड आहे, चिरडून टाक," तात्या म्हणाले.

"तात्या, हे काजव्याचं पिल्लू आहे, गोगलगाय खातंय."

"काजवा दवावर जगतो. पुस्तकातलं मला सांगू नकोस."

मी त्यांचा हात धरला म्हणून ती वाचली. अळीचे जबडे पोकळ असतात. चावताना त्यांतून विष सोडते, गोगलगाय लुळी पडते. मग पाचकरस सोडून मांस पातळ करते आणि शोषून घेते. पहाटे मी परत जाऊन पाहिलं, तर शंख रिकामा होता. तो मी तात्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी फेकून दिला, आणि त्याच आठवड्यात सगळ्या बांधांवर कीडनाशक पावडर टाकली. पुढच्या मृगाआधी आमच्या बांधावरच्या सादड्याच्या झाडावर एकही काजवा चमकला नाही. पलीकडच्या ओढ्यावर झाडं लखलखत होती.

आता शेती माझा भाऊ बघतो. त्यालाही तेच सांगते आणि तुम्हालाही: काजवे हवे असतील तर बांधावर पावडर टाकू नका, तिथला पालापाचोळा जाळू नका. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पाला लागतो हे मला कळतं, पण बांध खरवडून न्यायची गरज नसते. गोगलगाई फार झाल्या तर संध्याकाळी हाताने वेचा.

एक सांगायचं राहिलं. सगळ्या जाती सारख्या नसतात. काही अळ्या गांडुळंही खातात. अमेरिकेतल्या फोट्युरिस काजव्यांची मादी तर दुसऱ्या जातीच्या मादीसारखी चमकून त्यांच्या नरांना बोलावते आणि खाते. आणि शंखी गोगलगाईंचे लोंढे आले तर या अळ्या पुऱ्या पडणार नाहीत, हे भावाचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्या रात्री तात्या चुकले होते. अळी भाताला शिवलीसुद्धा नव्हती.